पाहुणा पाण्यात नाही

११ फेब्रुवारी

आज भोजराजले घाटावर झोडपला. पोलिसाईच्या समोरच झोडपला. त्याच्या नाकातलं रक्त माझ्या बनियनवर उडालं तवा हवालदारानं मले मागून धरलं. भोजराज म्हणजे माझा साळा, करडी गावचा, माझ्या बायकोचा, जिजाचा, सख्खा भाऊ. जिजा मले सोडून माहेरी गेली तवापासून हा मले रस्त्यात दिसला तं तोंड फिरवते. अन् आज सकाळी मी जाळं सुकवत होतो तं दारात येऊन म्हणते, "भाऊजी, मिथुन नदीत गेला वाटते. तुम्ही उतरा."

मी म्हणलो, कोण मिथुन? बाजूले केवळराम बसला होता, माझ्या मासेमारीच्या डोंग्यावरचा जोडीदार, तो खाली पाहू लागला. भोजराज म्हणे, तुमचा पोरगा. मी म्हणलो मले पोरगा नाई, गावाच्या बैठकीत सांगून टाकलं, पुन्हा पुन्हा काय इचारता. पण तेवढ्यात ठाण्यातून फोन आला. घाटावर फटफटी उभी आहे, बाजूले चपला आहे, चपलेत मोबाइल ठेवला आहे. या भागात कोणाचाही मुडदा पाण्यात असो, मलेच बलावते. म्हणून गेलो. त्याच्यासाठी नाई गेलो.

घाटावर भोजराज मले शिकवू लागला का पोरगा बापापाशी असता तं असं झालं नसतं. मंग हाणला.

गोष्ट सगळ्या गावाले माहीत आहे. मागच्या महिन्यात आमच्या गावचा कोतवाल अतुल याच घाटावर रेतीच्या ट्रॅक्टरसमोर आडवा झाला. ट्रॅक्टर थांबला नाई, त्याच्या छातीवरून गेला. ट्रॅक्टर रेतीवाल्या यादोरावचा, चालवत होता त्याचा पोरगा सूरज. मिथुन त्याच ट्रॅक्टरवर रेती भराले जाये. त्यानं ठाण्यात जाऊन सूरजचं नाव सांगतलं, पण सूरज अजून मोकळाच आहे. तवापासून यादोरावचे पोट्टे जिजाच्या दारासमोरून गाड्या फिरवत होते. अन् आता नदीकाठी चपला. याच्यात समजाले काय बाकी राहिलं?

आमच्यात एक रीत आहे. पाण्यात उतरलं का मुडदा म्हणत नाई, पाहुणा म्हणतो. अन् आपल्या रक्ताचा पाहुणा आपण काढत नाई, दुसऱ्यानं काढाचा. केवळराम सगळ्याईसमोर म्हणाला, "सोमाजी, तू काठावर बस. मी उतरतो."

मी म्हणलो, "माझ्या रक्ताचा कोण आहे इथं?"

अन् उतरलो. ज्याले मी पोरगा मानत नाई त्याच्यासाठी उतराले कोणती रीत आडवी येते? जिजा बाभळीखाली बसली होती. माझ्याकडे पाहून राहिली होती, नदीकडे नाई.

१२ फेब्रुवारी

दिवसभर पाण्यात. या रेतीवाल्याईनं नदीचं पार वाटोळं केलं. मशिनी लावून असे खड्डे खोदले का कमरेएवढ्या पाण्यात चालता चालता माणूस एकदम डोक्यावर जाते. खाली हात घातला तं रेती वरून घसरून येते, हात दाबून धरते. लहानपणापासून या पाण्यात आहो, पण आज पहिल्यांदा नदीतच वाट चुकलो.

दुपारी हाताले केस लागले. धरून ओढलं. मले काय झालं सांगता येत नाई, तोंड उघडलं गेलं अन् पाणी पोटात गेलं. वर आणून पायलं तं वासरू होतं, फुगलेलं, डोळे माशाईनं खाल्लेले. मी त्या वासराले लाथा घातल्या. मेलेल्या वासराले. केवळरामनं मले डोंग्यात ओढून घेतलं अन् पाठीवर बुक्क्या मारून पाणी काढलं. म्हणे, आज बस कर. मी त्याले घाण शिवी दिली अन् परत उतरलो.

मनगट रातच्यान ठणकते. हे मनगट मिथुननंच मोडलं. घरातल्या गोष्टी कोणाच्या घरात नसते? मी जिजाले दोन हाणल्या असन, तं हा वल्हं घेऊन आला अन् बापाच्या हातावर घातलं. हाड बाहेर दिसे. अन् वरून म्हणे, "पुन्हा मायवर हात टाकला तं दुसरा मोडतो." बापाले! त्याच आठवड्यात मी बैठकीत उभा राहून सांगतलं का हा माझा पोरगा नोहे. चुकीचं काय सांगतलं? तवा ओठावर मिसरूडही नव्हती त्याच्या, पण मार जबर बसला. ताकद माझीच होती त्याच्यात, एवढं खरं.

१४ फेब्रुवारी

कितीही खोल असो, पाहुणा वर येतेच. थंडी असली तं थोडा उशीर लावते, पण येते. आज आला नाई.

जिजानं डब्बा आणला. भात, वांग्याची भाजी, लाखोरीची डाळ. काठावर ठेवला अन् सरकून बसली. एवढ्या दिसानं तिच्या हातचं खाल्लं, पण मीठ कमी होतं का माझ्या तोंडाले चव नव्हती, समजलं नाई. तिनंही आपला भात काढला अन् खाल्ला. सगळा खाल्ला, बोटं चाटून खाल्ला. डोळ्यात एक टिपूस नाई. पोरगा पाण्यात अन् इले भात गोड लागते. अशी कशी माय म्हणाव? माझ्या मनात आलं का उठून त्या डब्ब्याले लाथ घालाव, पण केवळराम मधात बसला होता.

केवळरामचंही काही खरं नाई. म्हातारा झाला तो. मी म्हणतो वरच्या डोहात पाहू, तो म्हणते खाली पाहू, पुलाच्या खाली. तिथं तं बगळे उभे राहते, गुडघ्याच्या वर पाणी नाई. तिथं काय सापडन?

१५ फेब्रुवारी

सरकारी पथक आलं. रबरी नाव, लाल जाकिटं. दिवसभर फिरले, शेवटी म्हणे आम्ही रिपोर्ट देतो अन् निघून गेले.

त्याईच्यानंतर मी एकटाच उतरलो. कपारी पायल्या, मशिनीनं खोदलेले खड्डे पायले, पुलाच्या खांबाची बुडं पायली. आजवर किती बुडाले ते याच हातानं काढले. नदी पाहुणा ठेवते कुठं, हे मले माहीत आहे. अन् आता मी शपथ घेऊन सांगतो का पाहुणा पाण्यात नाई.

वर येऊन हेच केवळरामले सांगतलं. म्हणजे यादोरावच्या पोट्ट्याईनं त्याले मारून रेतीत गाडला अन् चपला काठावर ठेवल्या. केवळरामचं तोंड एकदम उतरलं. म्हणाला, "हे कोणापाशी बोलू नको सोमाजी." मी इचारलं काहून? तं म्हणे, असंच. असंच म्हणजे काय बे? यादोरावले भेतं का तू? तो जाळ्याच्या गाठी सोडत बसला. जिजा तिथंच होती. तिनंही हात जोडले, म्हणे, तुम्ही पाण्यातच पाहा, तुमच्या पाया पडतो. सगळे यादोरावले भेते. मी नाई भेत.

१७ फेब्रुवारी

सूरजले मोडला.

अक्षर नीट निघत नाई. पण लिहितो, कारण उद्या लोकं सतरा गोष्टी सांगन.

दुपारी यादोरावच्या रेतीच्या ढिगाऱ्यावर गेलो. सूरज खुर्चीवर बसून मोबाइल पाहत होता. दोन पोट्टे बाजूले. मी सरळ इचारलं, कुठं गाडला? तो हासला. म्हणे, "बुढ्या, घरी जा. तुझा पोट्टा कोण्या पोट्टीसंग पळाला असन." तुझा पोट्टा म्हणला. मी म्हणलो, तुमच्या कोणत्या ढिगाऱ्याखाली आहे ते दाखव. तं उठून मले छातीवर ढकललं.

वल्हं माझ्या हातातच होतं. पहिला घाव गुडघ्यावर घातला. आवाज आला, वाळलं सरपण मोडल्यासारखा. तो खाली पडला तं दुसऱ्या पायावर घातला. दोन पोट्ट्यातला एक पळाला, दुसऱ्यानं माझ्या पाठीत फावडं घातलं, मले ते नंतर समजलं. सूरज रेतीत सरपटत होता, माय माय करत होता. मी त्याच्या छातीवर बसलो. तोंडात रेती कोंबली. म्हणलो सांग, कुठं गाडला. तोंडात रेती असल्यावर सांगन कसा, हे मले तवा सुचलं नाई. त्याचे डोळे पांढरे झाले. मी थांबलो नसतो. केवळराम कुठून आला देव जाणे, तो सूरजच्या अंगावर आडवा पडला अन् माझे दोन घाव त्यानंच पाठीवर घेतले. ओरडत होता का पाप करू नको, सोमाजी, त्यानं नाई मारला, त्यानं नाई मारला.

याले कसं माहीत?

१८ फेब्रुवारी

यादोरावची माणसं आली. सकाळी सकाळी, लोकं तोंड धूत होते तवा. गाव पाहत उभं होतं, एक दार उघडलं नाई. माझा डोंगा उलटा करून त्याच्यावर डिझेल ओतलं अन् पेटवला. जाळी त्याच्यावरच टाकली. मले ओढत नेऊन दाखवलं अन् मंग झोडपलं, लाथाच लाथा, काठ्याच काठ्या. बरगडीत काहीतरी सुटलं आहे, श्वास घेतला का टोचते. एका डोळ्यानं दिसत नाई, त्याच्यावर सूज आहे.

यादोराव स्वतः आला होता. मले म्हणे, तुझा पोरगा जिता असन तं मी त्याले पाताळातून काढन, अन् मेला असन तं तुझं नशीब चांगलं समज. सूरजचे दोन्ही पाय गेले, नागपूरले नेला. जीव वाचन म्हणते.

ठाणेदार साहेब येऊन पाहून गेले. म्हणे, उभा राहिला का अटक. तवर दारात एक शिपाई बसवला. शिपाई बिडी मागते.

१९ फेब्रुवारी

जिजा आली. शिपायाले म्हणाली हळद लावाले आली. शिपाई बाहेर जाऊन बसला.

तिनं खरंच हळद गरम करून आणली होती. बरगडीले लावता लावता हळूच म्हणाली, "तो जिता आहे."

मले वाटलं मार डोक्यात बसला म्हणून असं आयकू येऊन राहिलं. ती पुन्हा म्हणाली. म्हणे, मीच त्याले बाहेरगावी लावून दिला. भोजराजनं त्याले रेल्वेत बसवला. फटफटी अन् चपला केवळरामनं घाटावर नेऊन ठेवल्या. कोर्टात अतुलची केस उभी राहीन तवा येईन साक्ष द्याले, तवर तो मेलेलाच बरा. ठाण्यात गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत यादोरावच्या ओसरीत येते, म्हणून कोणाले सांगतलं नाई.

मी इचारलं, मले काहून नाई सांगतलं?

"तुम्हाले सांगतलं असतं तं तुम्ही उतरले नसते," ती म्हणाली. "अन् तुम्ही उतरल्याशिवाय गावानं मानलं नसतं का तो बुडाला. तुमच्या तोंडावर दिसत होतं ना. ते आमच्या कोणाच्या तोंडावर आणता आलं नसतं."

म्हणजे मी त्या थंड पाण्यात मरत होतो अन् हे तिघं काठावर बसून माझं तोंड लोकाईले दाखवत होते. माझ्या अंगात आग उठली. बसल्या बसल्या हात उचलला. जिजा हालली नाई. डोळे मिटले नाई, तोंड चुकवलं नाई, हळदीची वाटी हातात धरून तशीच पाहत राहिली. माझं मनगट दुखलं म्हणून मी हात खाली घेतला.

मंग ती सांगू लागली का तो कुठं आहे. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हणलो, "नको सांगू. मले राग आला का तोंडातून काय निघन याचा भरोसा नाई."

तवा ती रडली. एवढ्या दिसात पहिल्यांदा रडली, तेही कायले ते मले समजलं नाई.

२१ फेब्रुवारी

आज ठाण्यात नेलं. जीपमधून उतरवाले दोघं लागले.

साहेबाच्या टेबलासमोर यादोरावचा वकील बसला होता. वकील म्हणे, एवढे दिवस झाले, प्रेत नाही, पथकाले काही मिळालं नाही, पोरगा पळून गेला आहे अन् याने माझ्या पक्षकाराच्या मुलाला अपंग केलं. त्या पोराचा शोध घ्या, म्हणे, सगळ्या जिल्ह्याईत फोटो पाठवा. साहेबही मान हालवत होते. एकदा फोटो सुटला का यादोरावची माणसं पोलिसाईच्या आधी पोहोचन, हे मले बसल्या बसल्या समजलं.

साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, सोमाजी, तुझ्या शब्दावर आम्ही आजवर पंचनामे केले. तू कधी खोटं बोलला नाहीस. सांग, तो पाण्यात आहे का?

ही गोष्ट खरी आहे. माणसाईशी मी किती खोटं बोललो असन, पण नदीबद्दल कधीच नाई बोललो. एखाद्या मायले पाहुणा आहे म्हणून सांगाव अन् नसाव, किंवा नाई म्हणाव अन् तो तिथंच कुजाव, हे पाप माझ्या हातून झालं नाई. आमच्या बापानंही केलं नाई.

मी म्हणलो, "आहे साहेब. वरच्या डोहात, मशिनीच्या खड्ड्यात. रेतीचा कडा पडला त्याच्यावर. माझा हात लागला त्याच्या हाताले, सूरजले कुठं गाडला म्हणून इचारलं ते त्याच्याच तोंडून कबूल कराले. आता पुराच्या पाण्याशिवाय कोणाले निघत नाई."

वकील उठून म्हणाला, "हात लागला तर काढला का नाही? तेव्हाच का नाही सांगितलं?"

मी एका डोळ्यानं त्याच्याकडे पायलं. बरगडी टोचत होती. म्हणलो, "माझा पोरगा होय तो. आमच्यात आपल्या रक्ताचा पाहुणा आपण काढत नाई."

 जुना हवालदार होता, घाटावर मले धरणारा, त्यानं डोक्यावरची टोपी काढली. साहेबानं लिहून घेतलं. खाली मी सही केली, मयताशी नातं या जागी बाप लिहिलं. माझ्याच हातानं लिहिलं, अन् पूर्ण बयानात तेवढीच एक गोष्ट खरी होती.

२ मार्च

ठाण्यातच अटक झाली होती, आता कोर्टानं क्रियाकर्मासाठी दोन दिवस दिले. उद्या सकाळी भंडाऱ्याच्या जेलात हजर व्हाचं आहे.

मुडदा नसला का पळसाच्या पानाचा पुतळा करून जाळते. मी पुतळा बांधाले बसलो तं हात थांबले. केवढा बांधाव? माझ्या घरून गेला तवा माझ्या खांद्याले होता. जिजाले इचारलं, आता केवढा झाला? तिनं माझ्या डोक्याच्या वर चार बोटं हात धरला. तेवढा बांधला.

नदीवर सगळं गाव आलं होतं. दारं लावून बसले होते तेच सगळे. यादोरावनंही दोन माणसं पाठवली होती, पिपरीच्या झाडाखाली उभी राहून पाहत होती. जिजानं मले आधीच समजावून ठेवलं होतं का थोडं रडा, लोकं पाहीन. पण मले तसं खोटं खोटं जमत नाई. केस काढले, आगीची काडी लावली, पानं तडतडू लागली अन् माझ्या तोंडातून असा आवाज निघाला का मलेच तो माझा वाटला नाई. मी त्या आगीत हात घालाले निघालो. भोजराजनं मले कवळ्यात धरलं, ज्याचं नाक मी फोडलं तोच. केवळराम पाय धरून बसला. जिजा भेली. कानापाशी येऊन म्हणाली, "अवो, तो जिता आहे. जिता आहे ना."

मले माहीत आहे, मी म्हणलो. तू रड जरा, तुझ्याकडे पाहून राहिले.

घरी आल्यावर तिनं भात टाकला. आज मीठ बरोबर होतं. जेवता जेवता म्हणाली, केवळरामच्या हातानं निरोप जाऊ शकते, दोन शब्द. काय सांगू त्याले? तुम्ही त्याच्यासाठी काय केलं ते सांगू का?

 ताटात बोटं फिरवत बसलो. काय काय मनात आलं, ते इथंही लिहीत नाई.

मंग म्हणलो, "सांग का बाप अजूनही तुले पोरगा मानत नाई. नाईतं येईन तो जेलात भेटाले."

जिजानं मान हालवली. तिनं भांडी उचलली, मी हात धुतले. उद्या लवकर निघाचं आहे.